अर्धा कोयता आणि आठ विती नळी

सुपा

पाथर्डीच्या पुढच्या डोंगरात जायचं ज्यांना कधी कारण पडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तिकडे पाहण्यासारखं काय आहे, असं कारखान्यातल्या मैत्रिणीनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "एक बंद पडलेली गाडी."

गाडी माझ्या मावसबहिणीची, रेखाताईची. जुनी, कार्ब्युरेटरवाली व्हॅन. दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा होता आणि शुक्रवारी तिचा फोन आला.

"मुक्ते, गाडी पुन्हा मेली. सोमवारी शाळा उघडतीय. आन ट्रक रविवारी संध्याकाळी येतोय."

एवढ्यात सगळं आलं, पण ते तुम्हाला उलगडून सांगायला हवं. रेखाताईच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंत. पाचवीला घाट उतरून खालच्या गावात जावं लागतं आणि तिथं जायला एसटी नाही. दिवाळी झाली की वस्तीतली बहुतेक जोडपी ऊसतोडीला जातात. आईबाप गेल्यावर पोरांना शाळेत कोण सोडणार? म्हणून पोरंही उसाच्या फडात जातात आणि त्यांची शाळा तिथंच सुटते. रेखाताईनं ठरवलं होतं की यंदा तोडीला जायचं नाही, व्हॅननं पोरांची ने-आण करायची. पालक म्हणाले होते, "रविवारी घाट उतरून, चढून दाखव. गाडी परत आली तर पोरं आजा-आजीपाशी ठेवू. न्हाई आली तर आमच्यासंगं नेऊ."

आणि रेखाताईचा नवरा, संतोषभाऊजी? तोडीत एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्यांचा मुकादम अर्धा कोयता घेत नव्हता. म्हणजे गाडी चालली तर दोघं घरी, नाही चालली तर दोघं ट्रकमध्ये. यंदाची उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, त्यांनी अजून घेतली नव्हती, हीच काय ती मोकळीक.

माझे वडील पत्रकं छापायचे. मी वाचायला शिकले ती 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो'नं सुरू होणाऱ्या पिवळ्या कागदांवर. त्यामुळे कुठल्याही गोष्टीत मला आधी शत्रू ठरवावा लागतो, मगच पुढचं सुचतं. सध्या मी सुप्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर रबरी नळ्या तपासते. दिवसभर दाबायच्या, वाकवायच्या, बाजूला काढायच्या. म्हणून ताईला विचारलं, "टाकीकडून पंपाकडे येणारी पेट्रोलची नळी दाबून बघ. कशी लागते?"

"लोन्यावानी. बोटं काळी झाली."

"लांबी किती आहे?"

"पट्टी कुठून आनू? थांब." फोन खाली ठेवल्याचा आवाज. मग, "आठ विती."

एका सहकाऱ्यानं नापास मालातली नळी पिशवीत टाकून दिली. मी ती परत केली. कारखान्यातली वस्तू मी नेत नाही, मालक कितीही नालायक असला तरी. बाजारात जाऊन पेट्रोलला टिकणारी नळी मागितली आणि दुकानाच्या काउंटरवर हात पसरून आठ विती मोजून घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, कापड घेताय का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट नळी कापायला लागला. तेव्हा हसायला हवं होतं ते त्यानं नाही, मी.

करंजी घाटातून

शनिवारी नगरहून पाथर्डीची एसटी जवळजवळ रिकामी होती. समोरून मात्र रस्ता वाहत होता. ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो. वर माणसं, माणसांखाली गाठोडी, गाठोड्यांत खोचलेले पत्रे आणि बांबू, कडेला लटकवलेली पातेली. एका ट्रकच्या फाळक्याला शेळी बांधली होती आणि तिच्याशेजारी एक मुलगी गणवेशाचा निळा फ्रॉक घालून बसली होती. बहुधा तोच एक धड कपडा असेल. आमच्याकडे दिवाळी संपली की लोक फराळाचे डबे घेऊन कामावर परततात. इकडे दिवाळी संपली की गाव उठतं.

मी वहीत पत्रकाचा मथळा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "मास्तरीन हाय का?"

"नाही. गाडी दुरुस्त करायला चाललेय."

त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. "व्हईल का तुझ्यानं?" म्हणाल्या आणि पिशवीतून शेवेची पुडी काढून माझ्या हातावर रिकामी केली.

घाट चढताना मी डोंगराकडे पाहिलं नाही, चढाकडे पाहिलं. पाथर्डीत उतरून जीप धरली. ती भरेपर्यंत कितीतरी वेळ गेला, कारण जायला माणसंच नव्हती. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं उलट्या दिशेला.

वस्तीवर

अर्ध्या दारांना कुलपं. एका बंद घराच्या ओट्यावर म्हातारी एकटीच बाजरी पाखडत होती. रेखाताई मात्र व्हॅनच्या पुढच्या सीटपाशी ओणवी होती. या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलून उभी केली की सगळं दिसतं.

"आली का पुढारीन," तिनं मान न उचलता म्हटलं. "हात धू आन जेव. नंतर हात धुवून उपेग न्हाई."

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. शेंगोळ्यांचा तिखट रस्सा मी दोनदा घेतला. तिचे सासरे, आबा, भिंतीला टेकून बसले होते. संतोषभाऊजी बाहेर कोयत्याला धार लावत होते. मी आत आले तेव्हा मानेनंच ओळख दिली आणि पुन्हा दगडावर पातं फिरवू लागले. तो आवाज जेवण होईपर्यंत थांबला नाही.

"भाऊजी, तुम्ही निघायची तयारी करताय?"

"धार लावून ठेवली म्हून काय कोयता पळून जातो का?" ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

मग आम्ही गाडीला लागलो. आधी बॅटरीची तार काढली. चूल विझवली. आबांच्या तोंडातली बिडी मी स्वतः काढून घेतली, तेव्हा ते म्हणाले, "सरकारनं न्हाई काढली माझी बिडी, तू काढली." टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरलं आणि ओट्यावर ठेवलं. थोड्या वेळानं बाटलीत दोन थर दिसले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं काहीतरी, आणि तळाला गंजाची पूड.

"पाणी कसं गेलं? गाडी कुठं उभी होती?"

"हितंच. गेल्या हंगामात आमी तोडीला गेल्तो, तवा सा म्हयने. अवकाळी दोनदा झाला म्हनत्यात." तिनं टाकीचं झाकण दाखवलं. आतलं रबर तडकलं होतं.

"मग टाकी रिकामी करून का नाही गेलात?"

आबा सरळ बसले. "रिकामी? घर सोडताना भांडं रिकामं ठेवायचं नसतं, पोरी. कनगीत मूठभर दानं ठेवायचं, घागरीत पानी ठेवायचं. रिकामं घर मागं टाकलं तर रिकाम्या हातानं परत येतो मानूस. मी सोता संतोषला सांगितलं, टाकी फुल्ल कर."

म्हणजे लक्ष्मी राहावी म्हणून टाकी काठोकाठ भरून गाडी सहा महिने उभी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि पाणी फार झालं की पेट्रोलची साथ सोडून त्याच्याबरोबर तळाला बसतं. जुन्या गाडीच्या रबराला ते सोसत नाही. मी हे सांगितलं, आणि इथेनॉल उसापासून करतात हेही सांगितलं.

रेखाताईचा पाना थांबला. "म्हंजी आमी तोडलेल्या उसानं आमचीच नळी खाल्ली व्हय?"

मला शत्रू सापडला. साखर, सरकार, पंप, सगळे एका ओळीत उभे राहिले. मी बोलायला लागले आणि पत्रकाच्या तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचलेही असते.

"ते नंतर लिव," ताई म्हणाली. "आत्ता कॅनचं तोंड धर."

टाकी पूर्ण उतरवली. जुनं पेट्रोल कॅनमध्ये भरून गोठ्यापासून लांब ठेवलं. मोटारसायकलसाठी आणलेल्या ताज्या पेट्रोलनं टाकी दोनदा विसळली, ते धोतराच्या जुन्या कापडातून गाळलं आणि उरलेलं ताजं टाकीत भरलं. कापडावर तांबडा गाळ बसला, मिसरीसारखा. कार्ब्युरेटर उघडला तर वाटीत डिंक चिकटलेला. त्याची बारीक भोकं सायकलच्या पंपानं फुंकली. गाळणी नवी बसवली. झाकणाला नवं रबर. मग मी ऐटीत पिशवीतून नळी काढली आणि गाडीखाली सरपटत गेले.

नळी टाकीच्या टोकाला बसली, चौकटीच्या कडेकडेनं, जुन्या क्लिपांमधून पुढं गेली आणि पंपाच्या अलीकडे हातभर अंतरावर संपली.

मी बाहेर आले. "ताई, तू आठ विती म्हणालीस."

"आठच हायेत." तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला. तिची करंगळी माझ्या करंगळीपेक्षा पेरभर पुढं होती, आणि अंगठा त्याहून. तोडून, बांधून, उचलून रुंदावलेला हात. मी सुप्यात माझ्या हातानं मोजलं होतं, एका क्षणालाही शंका न येता. स्त्रियांच्या श्रमांवर मी दोन पत्रकं लिहिली आहेत.

संध्याकाळ झाली होती. पाथर्डीची दुकानं गाठायला जीप नव्हती. जुन्या नळीचा त्यातल्या त्यात धड तुकडा कापून मध्ये जोडला आणि क्लिपांनी आवळला. माझ्या बोटांना तो आवडला नव्हता. कारखान्यात मी तो नापास केला असता. ताई म्हणाली, "एक दिस काढंल." स्टार्टर फिरला, फिरला, खोकला, आणि गाडी चालू झाली. आबांनी बोनेटला हात लावून कपाळाला लावला. बोनेटखाली या गाडीत काही नसतं, हे मी सांगितलं नाही.

घाट

रविवारी सकाळी निघालो. ताई चालवत होती, मी शेजारी, मागं आबा. पालकांच्या वतीनं साक्षीदार म्हणून आबांनाच नेमलं होतं, कारण ते सुनेची बाजू घेत नाहीत अशी त्यांची ख्याती. निघताना मंगल नावाची बाई आडवी आली. तिची मुलगी यंदा पाचवीत. ती म्हणाली, "रेखा, दुपारच्या आत ये गं. मुकादम घाई करतोय."

"संध्याकाळी हाय ना ट्रक?"

"त्याचं काय, त्यो म्हनंल तवा."

उतार सोपा गेला. खालच्या गावात शाळेच्या फाटकाला गाडी लावली. फाटक बंद होतं, पण ताईनं उतरून गजांना हात लावला. टपरीवर चहा घेतला, आबांनी बशीत ओतून दोनदा घेतला, आणि मी मनात म्हणत राहिले, चला, चला.

चढाला लागलो. पहिलं वळण, दुसरं वळण. मग गाडीनं एक गचका खाल्ला. ताईनं गिअर उतरवला. दुसरा गचका. "मुक्ते, पेट्रोलचा वास येतोय." पुढच्या क्षणी इंजिन गप्प झालं आणि गाडी मागं सरकू लागली. ताईनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. "आबा, दगड!" आबा धोतर सावरत उतरले आणि मागच्या चाकाला दगड लावला. उजव्या हाताला कठडा नव्हता. खाली बाभळी दिसत होत्या, त्यांचे शेंडे आमच्या पायांच्या पातळीला.

सीट उचलली. जुना तुकडा क्लिपेपाशी फाटून ओला झाला होता. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत होता. मोबाईलला रेंज नव्हती. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"अजून आवळून बघू," मी म्हणाले.

"आवळलं म्हून तर फाटलं." ताईचा आवाज चढला. "तुझी नळी पुरली का न्हाई? न्हाई. मग बोलू नको."

मला राग आला. तिचा, माझ्या बोटांचा, त्या दुकानदाराचा. मी गाडीखाली शिरले, फक्त तिच्यासमोरून हटायला. पाठीखाली खडे टोचत होते. तिथून नवी नळी पाहिली. ती जुन्या क्लिपांतून चौकटीला भला मोठा वळसा घालून जात होती, कारण गाडी बनवणाऱ्यानं तशी नेली होती आणि मी ती तशीच नेली होती. नियमानं. मधून सरळ नेली तर?

"ताई, वळसा काढू. सगळ्या क्लिपा सोडवून नळी सरळ पंपाला आणू. पुरेल."

"सायलेन्सरला लागंल."

"लांब ठेवू. तारेनं आडव्या पट्टीला बांधू."

"कापायला काय हाय?" तिनं विचारलं.

आबांनी पानसुपारीची चंची उघडली आणि त्यातून अडकित्ता काढला. जुना तुकडा त्यांनी सुपारीसारखा कापून टाकला. नळी सरळ आणली. सायलेन्सरपासून हातभर लांब, पट्टीला बांधली. ती पंपाच्या तोंडावर चढली, अगदी ताणून नाही, बोटभर ढील उरली. सांडलेलं पेट्रोल पुसलं, वास जाईपर्यंत दारं उघडी ठेवून उभे राहिलो. ते उभं राहणं सगळ्यात अवघड होतं. ऊन डोक्यावर आलं होतं.

स्टार्टर फिरला. पंपाला पेट्रोल ओढायला वेळ लागत होता आणि बॅटरी दर खेपेला थकत होती. शेवटी नुसता टक् असा आवाज आला.

"उतरा दोघंबी," ताई म्हणाली. "मागं घेऊन चालू करते."

म्हणजे उतारावरून मागं सोडायची, मागच्या गिअरात, आणि क्लच सोडायचा. बाजूला बाभळींचे शेंडे. मी म्हणाले, "नको."

"मग ट्रकमधी बसू?"

मी दगड काढला. गाडी मागं निघाली, वेग घेऊ लागली. ती मान वळवून एका हातानं स्टिअरिंग धरून होती. क्लच सुटला, चाकं घासली, गाडी थरथरली, आणि इंजिननं धरलं. ती रस्त्याच्या आतल्या बाजूला, डोंगराला टेकून थांबली. आम्ही धावत गेलो.

"आता घरी जाईस्तवर हिला बंद करायची न्हाई," ती म्हणाली. तिच्या ओठावर घाम होता. "बंद पडली तर पुन्ना व्हायची न्हाई."

पुलावर

घाट संपल्यावर वस्तीच्या अलीकडे ओढ्यावर अरुंद पूल आहे. एका वेळी एकच वाहन जातं. आम्ही पुलाच्या मध्यावर होतो तेव्हा समोरून ट्रक आला.

तोच ट्रक. दुपारीच निघाला होता. वर माणसं, गाठोडी, पोरं. ट्रकनं हॉर्न दिला. आम्ही जिथल्या तिथं. इंजिनचा आवाज अडखळत होता आणि ताईनं उजवा पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला होता.

केबिनमधून मुकादम उतरला. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल. "ए रेखा, मागं घे. मानसं खोळंबलीत."

मी खाली उतरले. "संध्याकाळी निघायचं ठरलं होतं ना? आम्ही वेळेत आलोय. लेकरांना का बसवलं?"

"ह्या कोन?"

"हिची बहीण."

"मग बहिनीला सांगा, रस्ता सोड. ट्रक काय मागं जात नसतो, मागं घाटावानी वळन हाय."

"नाही हटणार," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, सभेत चढतो तसा. "आधी लेकरं खाली उतरवा. मग बोलू." मी ट्रकसमोर उभी राहिले. आयुष्यभर वाचलेलं सगळं त्या वेळी माझ्या पाठीशी होतं. वरून कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, "बया लई तापट हाय."

मागून आबांचा आवाज आला. ते व्हॅनच्या दारात उभे होते. "गाडी खाली गेली आन वर आली. मी बसून हुतो. आता ज्याचं त्यानं बघा."

इंजिन चालू होतं, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. ट्रकवर मंगल उठून उभी राहिली. शेजारी तिचा नवरा काहीतरी बोलला, तिनं ऐकलं नाही. मुलीच्या काखेत हात घालून तिला फाळक्यावर उचललं आणि म्हणाली, "धरा कुनीतरी." मी धरलं. मुलीच्या हातात पत्र्याची पेटी होती, ती माझ्या खांद्यावर आपटली. मग आणखी एक मुलगी उतरली, आणि तिचा भाऊ. बाकीची पोरं वरच राहिली. त्यांच्या आया दुसरीकडे बघत होत्या.

आणि तेव्हा मला संतोषभाऊजी दिसले. ट्रकच्या मागच्या बाजूला, गाठोड्यावर बसलेले. आम्ही आलो नाही म्हणून त्यांनी गृहीत धरलं होतं की गाडी गेली. दोघांची वळकटी एकच बांधली होती, कोयते तिच्यातच खोचले होते. पुढे जाऊन रेखाताईला वाटेत घ्यायचं, असं मुकादमाशी ठरलं असणार.

मी हाक मारणार होते. मला बोलण्यासारखं खूप होतं.

ताईनं खिडकीतून मान बाहेर काढली. नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "माझं अंथरून तेवढं खाली टाका." मग माझ्याकडे, "मुक्ते, मागं बघ. कठडा किती हाय सांग."

"ताई, आपण का हटायचं?"

"त्याला पुढं जायचंय. मला न्हाई जायचं." तिनं रिव्हर्स टाकला.

मी मागं गेले. पोरं आत बसली होती, आबांनी त्यांना मांडीशी घट्ट धरलं होतं. मी हात हलवत राहिले, डावीकडे, थोडं अजून, सरळ. पुलाचा कठडा गुडघ्याएवढाच. इंजिन दोनदा बसायला आलं आणि तिनं दोनदा ते उचललं. माझ्या आणि ट्रकच्या मध्ये व्हॅन होती. तिथं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मुकादमाचा आवाज ऐकू आला, "अर्धा कोयता मला चालनार न्हाई, सांगून ठेवतो," आणि मग काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज. ताईनं तिकडे पाहिलं नाही. ती आरशात माझ्या हाताकडे बघत होती.

पूल सरला. बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली. ट्रक धडधडत शेजारून गेला. मंगल मागं वळून हात हलवत होती, तिच्या मुलीनं मात्र हात वर केला नाही, ती पेटीच्या कडीशी चाळा करत होती. धूळ एवढी उठली की पूलही दिसेना.

धूळ बसली तेव्हा पुलावरून एक माणूस चालत येत होता. डोक्यावर वळकटी, तिच्यातून बाहेर आलेले दोन कोयत्यांचे दांडे. चाल सावकाश. तो जवळ आला, मागचं दार सरकवलं, वळकटी पोरांच्या पायांशी ठेवली आणि आबांशेजारी बसला. इंजिन चालू होतं.

रेखाताईनं पहिला गिअर टाकला. मान वळवली नाही.

"दार नीट लावा," ती म्हणाली. "लेकरं बसलीत."